बारा गावचे शर्ट

किस्से मॅचमध्ये कमी घडतात, दोन इनिंगच्या मधे जास्त. वसई-विरार पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत मी स्कोअर लिहितो. मंडपात बसून नुसतं ऐकत राहिलं तरी पोतंभर जमतात. त्यातले निम्मे एकट्या नरेशचे.

नरेश मूळ गिरीजचा, लग्नानंतर विरारला फ्लॅटमध्ये. खेळतो भाड्याने. जो संघ बोलावेल, त्याचा. दर रविवारी नवं गाव, नवा शर्ट. त्याची बायको सांगते, "दोरीवर कपडे वाळत घातले की शेजारीण विचारते, वहिनी, एवढे पाहुणे कुठून आले?"

*

एकदा तो अर्नाळ्याकडून आगाशीविरुद्ध खेळत होता. पहिली इनिंग संपल्यावर सवयीने आगाशीच्या मंडपात जाऊन बसला, कारण गेल्या रविवारी तो आगाशीचा होता. त्यांची भुर्जी खाल्ली, वर सल्लाही दिला. "त्यांच्या तीन नंबरला यॉर्कर टाका. त्याचा गुडघा वाकत नाही."

आगाशीचा कॅप्टन प्रकाश शांतपणे म्हणाला, "नऱ्या, तीन नंबरला तूच आहेस."

नरेश पहिल्याच यॉर्करला बोल्ड! अर्नाळ्याच्या संघाचे मालक, बोटवाले तांडेल, माझ्या टेबलाशी आले. "मास्तर, हा आज नक्की कोनाचा हाय?"

*

नरेशचं पोट मात्र नाजूक. आगाशीकडून खेळताना समोर गिरीज आलं की हमखास दुखायचं. प्रकाश बिचारा ओवा चावायला द्यायचा, सोडा पाजायचा. नरेश मंडपात आडवा. मॅच संपली की मटणाच्या पातेल्यापाशी तोच पहिला. "आता जरा बरं वाटतंय."

*

गिरीजने त्याला कधी बोलावलं नाही. "भाड्याचा माणूस तो, आपला कसला?" असं म्हणायचे. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याचा हा शेवटचा सीझन. तेव्हा तो स्वतःच गिरीजच्या कॅप्टनकडे गेला.

"एक मॅच दे. मानधन नको, फक्त शर्ट."

गाववाल्यांची स्पर्धा होती. ज्या गावचा माणूस, त्याच गावच्या संघात, हा नियम. गिरीजसमोर आगाशी. नरेश बॅट घेऊन आत निघाला आणि आगाशीच्या पोरांनी आक्षेप घेतला. अंपायरने आधार कार्ड मागितलं. पत्ता विरारचा निघाला.

छातीवर गिरीजचं नाव होतं, तिथे हात ठेवून नरेश उभा राहिला.

"कॅप्टन, काय म्हणणं तुमचं?" अंपायरने विचारलं.

प्रकाश पोरांमधून वाट काढत पुढे आला. "आक्षेप मागे. गिरीजचाच आहे तो."

"पुरावा?"

"आमच्याकडून खेळताना गिरीज समोर आलं की याचं पोट दुखायचं. एवढी वर्षं ओवा मी पुरवलाय."

अंपायरने कार्ड परत दिलं. "आणि आज कसं आहे पोट?"

नरेशने बॅट खांद्यावर घेतली.

"आज भूक लागलीय."