पाणीवाल्याचं सोळावं शहर

पाणीवाला तसा साधा माणूस. बावीस वर्षं त्याचं एकच काम: पहाटे उठायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि एकेका आळीचं पाणी सोडत फिरायचं. बोलणं मोजकं, चाल संथ. पण वरच्या आळीतल्या शिवणवाल्या काकूंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. खालच्या आळीत त्यांच्या धाकट्या जाऊबाई अंगण धूत, आणि काकूंच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार. कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत.

एका दुपारी त्यानं उसवलेला शर्ट शिवायला टाकला. काकूंना खिशात घडी घातलेला कागद सापडला. त्यावर रस्ते, चौक, पूल, पाण्याची टाकी, आणि साऱ्यातून पळणारी एक निळी रेघ. ती शेवटी एका चौकोनी घरात शिरत होती. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. जाऊबाईंचं घरही चौकोनीच की!

संध्याकाळी तो आला, तेव्हा कागद काकूंच्या मुठीत होता.

"ही चोरलाइन कुणाच्या घरी चाललीय?"

तो आधी दचकला, मग लाजला. "काकू, हे शहर कुठंच नाही. मनातलं आहे. फावल्या वेळात काढतो. हे सोळावं."

"मला शेंडी लावू नकोस."

"खरंच. मी आधी पाणी काढतो. पाणी जाईल तिकडं रस्ता, रस्त्याच्या कडेला घरं." बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. "हे चढावरचं टोकाचं घर बघा. खालचे व्हॉल्व्ह अर्धेच उघडायचे, याला पाणी आधी सोडायचं. मग शेवटपर्यंत दाब टिकतो, सगळ्यांना सारखंच येतं."

काकूंनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे येतं तुला!"

त्यानं कागदासाठी हात पुढं केला.

"बावीस वर्षं आम्ही बादल्या घेऊन ताटकळतोय, आणि तू कागदावरच्यांना न्हाऊ घालतोस?"

"इथं तसं केलं तर खालची आळी माझ्या दारात येईल, काकू. कागदावरची माणसं भांडायला येत नाहीत."

"मी येईन." काकूंनी कागद मशीनच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं. "पाणी आलं की बघू."

तो खणाकडं बघत राहिला, आत घरचंच माणूस अडकलं असावं तसा. मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ खाकरला आणि मनगटाएवढी धार पडली. काकूंना आनंदाआधी संशयच आला. एका दिवसाचं नाटक असणार! त्यांनी पातेली, तांबे, इस्त्रीवेळी शिंपडायची बाटलीसुद्धा भरून ठेवली. तेवढ्यात जाऊबाई रिकामी बादली घेऊन चढ चढून आल्या.

"काय हो ताई, आमच्याकडं आज धार बारीक कशी?"

"आता सगळ्यांना सारखंच येणार आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"पाणीवाला."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"छे!" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक बादली नळाखाली सरकवली.