भिंतीकडे तोंड करणारे काका

विठ्ठलवाडीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे फोटो कुठल्या कंपनीकडे नसतात. वरच्या मजल्यावरच्या काकांनी घरीच सर्व्हरचा डबा लावलाय, सगळ्यांच्या फोनमधून ते आपोआप त्यात जातात. कोणी पासवर्ड टाकायला लागलं की काका भिंतीकडे तोंड करतात. बायको टाकत असली तरी.

खालची मुलगी स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली, तेव्हा तिचे वडील काकांकडे आले. "तिचे फोटो उघडा, कुठे आहे ते तरी कळेल," म्हणत रडायला लागले.

"डबा माझा आहे, आतलं तिचं आहे," एवढंच बोलून काका त्यांच्याजवळ बसून राहिले.

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला खरंच उघडता येत नाही?"

"नाही. मुद्दाम तसंच लावलंय. येत असतं, तर आज उघडलं असतं रे."