पुढचं बाईनं सांगितलं

सानगडीहून साकोलीला जाणारी सकाळची बस सुटायची होती आणि बाबा माझ्या खिडकीखाली उभे होते. त्यांना निरोपाचं बोलता येत नसे. "पुन्याले पोचला का कार्ड टाकजो," म्हणाले. मग, "आन् उपाशी झोपू नको." बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. मी हात टेकवीन त्या चौकटीवरची धूळ खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि मागं सरकले.

बाई स्टँडवर आली नव्हती. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा वारला, ती माहेरी परत आली आणि बिड्या वळायला लागली. त्या दिवशी कारखान्यात माल द्यायचा होता. मी निघालो तेव्हा ती ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली. बोटांना तंबाखू लागलेला, म्हणून तिनं मनगटानंच माझं डोकं जरासं ढकललं. "जाय. तिथं जाऊन मुक्यानं वाचाची सवय लावू नको."

हे सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकांना ते कळणार नाही. आमच्या घरी वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. पुस्तक घेऊन कोपऱ्यात एकट्यानं मनात वाचत बसणारा माणूस, ताट घेऊन दार लावून जेवणाऱ्यासारखा वाटे. वाचनालयातून मी जाडजूड कादंबऱ्या आणत असे आणि बाईला वाचून दाखवत असे. तिला अक्षरओळख नव्हती. भिजवलेलं तेंदूचं पान ती कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची. नजर हातावर, कान माझ्याकडे. शेजारची तानाबाई आपलं सूप घेऊन तिथंच येऊन बसे.

"तुह्या पुस्तकातल्या लोकायले शेती नाई का रे बापू?" तानाबाई विचारी.

"असती तं रडाले फुरसत भेटली असती का त्यायले?" बाई मान वर न करता म्हणे.

एकदा एका कादंबरीतली नायिका दोन प्रकरणं विरहात बसून होती. बाईनं मला थांबवलं. "हे बाई सकाळपासून खिडकीतच बसून राहिली. हिच्या घरी सयंपाक कोन करून राहिलं?" मी चिडलो होतो. मला ते प्रकरण फार आवडलं होतं. पण पुढं वाचताना माझंही लक्ष त्या न दिसणाऱ्या चुलीकडेच जाऊ लागलं.

पुण्यात मला छापखान्यात काम मिळालं, तेही वाचण्याचंच. प्रूफं तपासणारे गृहस्थ समोर छापील कागद घेऊन बसत आणि मी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचत असे. सगळं वाचायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह पूर्ण. पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, कुणाचे कवितासंग्रह. आवाजात चढउतार नको, तो गृहस्थांना त्रासदायक वाटे. दिवसभर वाचून संध्याकाळी मेसमध्ये जेवताना मला माझा आवाज नकोसा होई.

पहिल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा बाईनं ओसरीवर माझ्यासाठी जागा करूनच ठेवली होती. मी वाचायला लागलो. "तिनं पदर डोळ्यांना लावला पूर्णविराम, तो मात्र स्वल्पविराम..."

तानाबाईला हसू आवरेना. बाईनं हातातलं तेंदूचं पान बाजूला ठेवलं. "बापू, तू तिथं मानसायले वाचून दाखवते का मशिनीले?"

मीही हसलो. परतीच्या गाडीत मात्र ते वाक्य माझ्याबरोबर नागपूरपर्यंत आलं, आणि पुढंही.

खोलीवर मी लिहू लागलो ते त्या सुमाराला. लिहिलेलं हलक्या आवाजात म्हणून बघायची सवय होती. खोलीतला सोबती विचारी, "जप करतोस काय?" मी जप करत नव्हतो. ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या एका बाईला ते वाचून दाखवत होतो आणि तिचे हात कुठं अडतात ते पाहत होतो. आजवर लिहिताना मला दुसरा वाचक कधी दिसलेला नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले आणि लिहू लागले, त्यांचंही असं कुणीतरी असेल.

माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली. बिड्या वळून भावाला शिकवणारी विधवा बहीण; भाऊ शहरात जातो, ती वाट पाहत ओसरीवरच मरते. शेवटचा परिच्छेद तिच्या मरणाचा होता. संपादकांनी त्या शेवटाचं खास कौतुक केलं होतं. दिवाळीला अंक घेऊन घरी गेलो. चांगलं झालंय की नाही हे मला एकाच माणसाकडून ऐकायचं होतं.

दुपारी वाचली. बाईचे हात चालू होते. कथेतलं नाव वेगळं असलं तरी ती कोण आहे हे तिथं बसलेल्या सगळ्यांना पहिल्या ओळीपासून कळलं होतं. तानाबाई खाली बघत होती. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि अंक मिटला.

"मेली?" बाईनं विचारलं.

"हो."

"मंग?"

"मग काही नाही. संपली गोष्ट."

"असी कसी संपली? मेली तं मेली. घराचं काय झालं? गाय कोनं सोडली? भाऊ आला का नाई?"

मी म्हणालो, गोष्ट कुठं तरी थांबवावी लागते.

"तू थांबला," बाई म्हणाली. "घर थोडीच थांबते."

कथेत आपल्याला मारलं याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. पुढचं सांगितलं नाही, एवढंच खटकलं होतं. नंतर दर सुट्टीत ती विचारायची, "पुढचं लिहिलं का?" मी दर वेळी "लिहितो" म्हणायचो आणि खरोखर लिहायला बसायचो. जमत नसे. एक पानही पुढं सरकत नसे, आणि त्याचं कारण उमगायला मला काही वर्षं लागली. माणूस गेल्यावर आमच्या घरात काय होतं हे मला माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी पोचलो ते सगळं आटोपल्यावर. आधी कोण धावत येतं, पहिली चूल कुणाकडची पेटते, जनावरांना पाणी कोण दाखवतं, हे मी कुठं पाहिलं होतं? बस, गाडी, पुन्हा बस, यांतच ते होऊन गेलेलं असे.

बाईचा खोकला आधी थंडीत यायचा, मग बारा महिने राहायला लागला. सन ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात गावी घर सांभाळणाऱ्या मोठ्या भावाची, दादाची तार आली. या वेळी मी वेळेत पोचलो. तिला भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारची वेळ, दादा औषध आणायला गेलेला. खाटेवर तिचे हात रिकामे पडले होते. ते तसे मी कधी पाहिले नव्हते.

"पुढचं लिहिलं का?" तिनं विचारलं.

"लिहिलं नाही. सांगतो."

मी सांगू लागलो. ती बहीण गेल्यावर वहिनी तिच्या पायाशी बसून रडू लागली.

"नाई," बाई म्हणाली. तिला दम लागत होता, ती थांबून थांबून बोलत होती. "वहिनी नाई रडत आधी. वहिनी पोरायले शेजारी धाडते. तानाबाई येते पहिले. ते आली का मंग वहिनीले रडू फुटते."

"आणि दादा?"

"दादा गोठ्यात जाऊन बसते. त्याले कोनी बोलवाचं नाई. आपल्या आपन येते तो."

मी मान डोलावली. आम्ही दोघंही कथेबद्दलच बोलत होतो. तिनं मला लाकडं कुठून येतील ते सांगितलं, तिच्या दोन लुगड्यांपैकी कुठलं कुणाला जाईल ते सांगितलं. ते ऐकताना मी मनात लिहून घेत होतो, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. तिलाही तेच हवं असावं.

"भाऊ येतो का?" मी विचारलं.

"येते. यावेळी येते." ती जरा हसल्यासारखी झाली. "तेरवीपर्यंत राहाते. वहिनी त्याले पहिलं वाढते, पाहुन्यावानी. मंग तो आपल्या घरी जाते."

"घरी म्हणजे?"

"पुन्याले. अखीन कुठं?"

तिथं तिला थांबवायला हवं होतं. एव्हाना प्रूफं तपासू लागलेला, दिवसभर परक्यांच्या मजकुरात चुका काढणारा माणूस मी. हे असं नाही बाई, इथंच त्याचं घर आहे, एवढं म्हणता आलं असतं. पण बाकी सगळं ती इतकं बरोबर सांगत होती की एवढंच चूक कसं म्हणू? मी म्हणालो, "मग?"

"मंग त्याचं तो पाहीन," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

त्याच आठवड्यात ती गेली. आम्ही तिला सानगडीला आणलं. वहिनीनं पोरांना शेजारी धाडलं. तानाबाई आली आणि मग वहिनीला रडू फुटलं. दादा दिसेना. त्याला शोधायला कुणी निघालं तेव्हा मी म्हणालो, राहू द्या, येईल. तेरवीला पंगत बसली. वहिनी पहिली माझ्या पानाकडे आली. "भाऊजी, तुमी बसा, तुमाले गाडी धरायची हाये." तिच्या आवाजात नुसती माया होती. मी जेवलो.

ती कथा मी पूर्ण केली नाही. उरलेली बाईनं सांगितली होती आणि माझ्यासमोर घडली होती. त्यात माझं म्हणून घालण्याजोगं काही उरलं नव्हतं. दुसरं बरंच लिहिलं. पुण्याच्या घरात मी, बायको आणि मुलगी तिघंही वाचतो, तीन ठिकाणी बसून, मुक्यानं. मी दार लावून पुटपुटतो तेव्हा मुलगी आईला सांगते, बाबा कुणाशी तरी बोलतायत.

सानगडीला अजून जातो, वर्षा-दोन वर्षांतून. दादा थकलाय. तानाबाई ओळखते, पण नाव चुकते. मागच्या वेळी परत आलो तेव्हा बायकोनं पिशवी हातातून घेत विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

मी चपला काढत होतो. "दादाकडे बरे आहेत," म्हणालो.