पटसंख्या एक

आमच्या शाळेची पटसंख्या एक होती, आणि ती एकही माझ्यामुळे गेली.

शाळा म्हणजे आमच्या घराची बाहेरची खोली आणि विद्यार्थिनी म्हणजे माझी आठ वर्षांची नात जुई. तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं मुलानं आणि सूनबाईनं ठरवलं. (मी भिवंडीत जन्मभर मास्तरकी केली. असं काही ऐकल्यावर मास्तर एक तर हसतो, नाही तर बीपीची गोळी घेतो. मी दोन्ही केलं.)

शिकवायची आमची ही. स्वतः सातवी पास! शेजारी अन्सारीचाचांचा पॉवरलूमचा कारखाना. त्याच्या खटखटीवर ही जुईकडून पाढे म्हणून घ्यायची. लाइट गेली की लूम थांबायचे, आणि सातचा पाढाही सात चोक अठ्ठावीसवर अडकायचा! भात कसा पिकतो हे दाखवायला एसटीनं थेट गणेशपुरीला, स्वतःच्या माहेरच्या शेतात घेऊन गेली. पोरगी चिखलानं माखून परत आली आणि चार दिवस ताटातल्या भाताकडे ओळखीचं माणूस भेटल्यासारखी बघत होती.

दिवाळीनंतर ही गेली. चार दिवसांचा ताप, बस्स.

मग नितीननं, म्हणजे मुलानं, जुईला शाळेत घालायचा विषय काढला. तो काल्हेरला गोदामात कामाला, सूनबाई ठाण्याला ऑफिसात. पोरगीही गेली तर दिवसभर घरात मी आणि भिंतीवरचा हिचा फोटो.

"अरे, मी आहे ना शिकवायला!" मी म्हणालो.

"मे महिन्यात मी तिची परीक्षा घेतो, बाबा. मग ठरवू."

मी रीतसर शाळा भरवली. फळा आणला, देवघरातली घंटा आणली, हजेरी सुरू केली. "क्रमांक एक!" मी ओरडायचो. दोन हातांच्या अंतरावर बसलेली जुई त्याहून मोठ्यानं ओरडायची, "हजर!" एकदा ती म्हणाली, "आजोबा, आजीचं नाव पण घ्या ना." मी हजेरी मिटली, मराठीचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ उलटं धरून वाचत राहिलो.

शिकणं मात्र होईना. मी फळ्यावर लिहायचो, ती वहीत उतरवायची आणि जांभया दोघांनाही यायच्या. मे उजाडला तसा मी नोकरीतला हुकमी डाव बाहेर काढला. तपासणीला साहेब आले की माझ्या वर्गात सगळ्यांचे हात वर असायचे! उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. मास्तरांनी फक्त उजवे उठवायचे.

"पण मी एकटीच आहे," जुईनं नेमकी अडचण काढली. "मला सोडून उठवणार कोणाला?"

"तू डावा हात वर कर. पुढचं मी बघतो!"

परीक्षेच्या रविवारी नितीन खुर्चीवर बसला, सूनबाई पलंगावर.

"एक किलोमीटर म्हणजे किती मीटर?"

उजवा हात. "हजार!"

"तेरा सक?"

डावा.

"चहा घेतोस?" मी विचारलं.

"आत्ताच झाला, बाबा."

"परत घे!"

दुसऱ्या डाव्या हाताला मी पंखा फार आवाज करतो अशी तक्रार केली. (पंखा बंद होता.) तिसऱ्याला चहाचा ट्रे पाडला. चौथ्याला मला अशी खोकल्याची उबळ आली की सूनबाई पाण्याला धावली आणि नितीन माझी पाठ चोळता चोळता प्रश्नच विसरला! जुई तोंडावर वही धरून हसत होती. आजी गेल्यापासून तिला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"बरं चाललंय की!" नितीन म्हणाला. "आता शेवटचं. जुई, तुला घरीच आजोबांकडे शिकायचंय ना?"

जुईचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच हात वर केला. डावा.

"बघा, लगेच हात वर!" सूनबाई म्हणाली.

"मग ठरलं. शाळा नको," नितीन म्हणाला.

मी जिंकलो होतो. आम्हा दोघांशिवाय कोणालाच काही कळलं नव्हतं. पण पोरगी हात खाली घेईना. मी काहीतरी पाडीन, खोकेन, याची ती वाट बघत होती. मला खोकला येईना.

"नितीन," मी म्हणालो, "तो हात डावा आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

"जुई, खरं काय ते सांग," आईनं तिला जवळ घेतलं.

"मला खेळायला मुलं पाहिजेत," जुई रडायला लागली. "पण मग आजोबा एकटेच हजर राहतील."

जूनमध्ये जुई शाळेत गेली. पहिल्याच दिवशी अन्सारीचाचा दारात आले.

"मास्तर, बच्ची गई स्कूल? अब घर में करमतं ना?"

मी हात वर केला. "बढ़िया!" म्हणत चाचा कारखान्यात निघून गेले. हात डावा होता, आणि चहाचं विचारून मला सोडवायला दुसरा मास्तर नव्हता.