सील न तोडणारा मेकॅनिक

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीसमोर मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. दुरुस्त कमी करतो, बसतो जास्त. वस्तू पुढे ठेवली की स्क्रूड्रायव्हर खिशात टाकतो आणि विचारतो, "बिल हाय?"

ऑनलाइन घेतलेला माझा मिक्सर चार महिन्यांत बंद पडला, तेव्हा मीही त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. बिल मोबाइलवर होतं. चष्मा कपाळावर चढवून त्याने ते पोथीसारखं वाचलं.

"वर्साची वॉरंटी हाय. मी सील तोडलं तर ती गेली. इकनाऱ्याचं नाव खाली हाय, त्याला लिवा."

"अहो काका, तो उत्तरच देत नाही. घरी चटणी अडलीय, उघडा ना!"

"मंग ॲपवर तक्रार करा. तिथं नाय ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन. चटनी तवर पाट्यावर वाटा."

चालून आलेलं गिऱ्हाईक असं हाकलणारा धंदेवाला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याच्यावरच्या रागात ॲपवर तक्रार ठोकली आणि पंधरा दिवसांत नवा मिक्सर आला.

तोंड गोड करायला पेढे घेऊन गेलो, तर हा घामाने निथळत बसलेला. बाजूचा त्याचा स्वतःचा टेबलफॅन बंद, सील शाबूत. तोही ऑनलाइनच घेतलेला. कंपनीचा माणूस तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणत होता.

"काका, तुम्हाला हे पाच मिनिटांचं काम!"

"दोन," वॉरंटी कार्डाने वारा घेत तो म्हणाला. "पन मी उघडला की कंपनीवाले सुटले."