वाणाच्या पैशांचा तलाव

आमच्या गावाला बाग आणि पोहायचा तलाव होणार होता. बाग झाली. तलाव राहिला, आणि तो राहिला त्यात माझ्या एका शब्दाचा हात आहे. गल्लीतल्या बाया म्हणतात, तसं काही नाही. त्या चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणतात. काय झालं ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. शिक्षण सातवी. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी मूळची कृष्णाकाठची. हायस्कूल नदीपलीकडं, पावसाळ्यात नाव बंद, आणि घरात म्हशी. शाळा सुटली ती अशी. म्हशी रोज नदीला न्यायच्या. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून चुलत्यानं मला डोहात ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची असेन. दोन उन्हाळ्यांत डबा सुटला. आमच्याकडं ह्याचं कुणाला कौतुक नव्हतं. चालता येतं तसं पोहता येतं.

पुढं ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन आलेल्या ड्रायव्हरशी मी लग्न केलं. घरी विचारून नव्हे. वडिलांनी तेव्हा दार लावलं ते अजून लावलेलंच आहे. तीर्थपुरीच्या पुढं, रस्त्याकाठच्या ह्या गावात मी उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती. सासू कधीच वारलेली. नवरा जालना शहरात बियाण्याच्या कंपनीच्या गोडाऊनला लागला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी दारात आल्या. कुणाची कोण, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "जेवली का? न्हाई ना? मंग चल." माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. आईनं करावीत तशी, बाजेखाली शेगडी ठेवून, स्वतः जागून.

म्हणून ह्या गल्लीत मी कायम जरा वाकून राहिले. कुणी नुसती हाक मारली तरी आधी वाटतं, आपलं काही चुकलं का. परत जायला जागा नसली की माणूस असं होतं.

इकडं बायांना काम म्हणजे कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट. संध्याकाळी फुलं सोलायची, सकाळी दुसऱ्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. क्रॉसिंग म्हणतात त्याला. प्लॉटवाल्या प्रत्येकाचं शेततळं आहे. चौकोनी खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद, वर कालव्याचं नाहीतर बोअरचं पाणी. दिसायला फार शांत. पण कागदावर शेवाळ धरतं, आणि एकदा पाय घसरला की वर यायला बोटभर आधार नसतो. म्हशीसुद्धा आत गेल्या की बाहेर येत नाहीत.

भादव्यात एका सकाळी काकू हात धुवायला तळ्यावर गेल्या आणि घसरल्या. मी चार ओळी पलीकडं होते. आवाज झाला नाही. ओरडल्या असत्या तर बरं, त्या नुसत्या गेल्या. त्यांची चप्पल काठावर दिसली आणि मी साडीसकट उडी टाकली. मागून अंबाडा धरला, तोंड वर काढलं, काठापाशी आणलं. पण पुढं काय? कागद पायाखाली टिकेना. पोहता येऊनही मी तिथंच मरणार होते. वरच्या बायांनी पंपाचा रबरी पाइप खाली सोडला, तो दोघींनी धरला आणि सात-आठ जणींनी ओढून काढलं. काकूंच्या तोंडातून पाणी आलं, मग शिवी आली. सगळ्या रडता रडता हसायला लागल्या.

गल्लीत तोवर कुणाला माहीतच नव्हतं, मला पोहता येतं ते. सांगायचा प्रसंग कुठं येणार? इथं पिण्याच्या नळाला बारा दिवसांनी पाणी.

त्यानंतर एकेक बाई दारात येऊन बसायला लागली. "माझ्या पोरीला शिकीव," कुणी म्हणायची. "पोरीला कशाला, मलाच शिकीव." कुठं शिकवणार? शेततळ्यात उतरवायचं म्हणजे जिवाशी खेळ. मी म्हणाले, उथळ तलाव पाहिजे, सिमेंटचा, पायऱ्या असलेला.

हे कानोकान आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका बाईंकडं गेलं. त्याच वेळी नगरपंचायतीत बागेची योजना आली होती. बाई म्हणाल्या, बागेबरोबर पोहायचा तलाव घालता येतो, शासन पैसे देतं, पण गावानं आपला वाटा आधी भरायचा. बागेपुरता वाटा व्यापारी भरतील. तलावाचा तुम्ही बाया जमवा, म्हणजे मला सभेत बोलता येईल.

संक्रांत पंधरा दिवसांवर होती. इथं प्रत्येक घरची सवाष्ण पन्नासेक बायांना वाण लुटते. प्लास्टिकची बरणी, चहाची गाळणी, साबणाची डबी. तीर्थपुरीच्या बाजारातून डझनानं आणायचं आणि एकमेकींना द्यायचं. शेवटी सगळ्यांच्या घरी सगळ्यांच्या गाळण्या. मला बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी काकूंच्या ओसरीवर सगळ्या जमल्या तेव्हा बोलून गेले. यंदा वाण कुणी आणायचंच नाही, हळदीकुंकू आणि तिळगूळ तेवढं करायचं आणि वाणाचा पैसा तलावाला द्यायचा.

मग एकीची सासू म्हणाली, "वाण मोडतं का कधी? सवाष्णीचं काम हाय ते. काही वाईटवंगाळ झालं म्हंजे?"

"मामी, मागल्या साली तुम्ही मला फुटकी बरणी देल्ती," काकू म्हणाल्या. "तिच्यानं काय माझं सौभाग्य वाढलं? तळ्यातून ह्या पोरीनं वढलं म्हून वाचले."

"फुटकी न्हवती! तू आपटली आसंल."

हशा झाला आणि गोष्ट ठरली. पण मला त्या दिवसातली दुसरी गोष्ट जास्त आठवते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आत्याबाई राहतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नवरा गेला. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नाही, त्याही येत नाहीत, त्या दिवशी दार लावून घेतात. वाणाचं ठरलेलं ऐकून त्या काठी टेकत आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि कनवटीचे पैसे काढले. म्हणाल्या, "माझं वाण कोणी घेत न्हाई. हे तर पैशे हायत. हे चालतेत का?" काकूंनी हात धरून त्यांना आत आणलं. त्यांचं बघून गावातल्या आणखी दहा-बारा जणी आल्या, ज्या संक्रांतीला कधीच कुठं जात नव्हत्या. एवढ्या सगळ्या बाया एका ओसरीवर मी पहिल्यांदा पाहिल्या.

पावत्या घेऊन आम्ही घरोघर फिरलो. टोमणे खूप खाल्ले. एक आजोबा म्हणाले, "पवायला जाताना सुनंनं पदर कुठं घ्यायचा?" काकू म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यावर." प्रत्येक घरात एकच प्रश्न यायचा, शिकवणार कोण? आणि सगळ्या माझ्याकडं बोट करायच्या. मी म्हणायचे, "मी शिकवीन. सकाळचा एक तास फक्त बायांचा राहील." कुणी विचारलं नसतं तरी सांगायचे. इतक्या वर्षांत ह्या गावाला माझ्याकडून पहिल्यांदा काही हवं होतं. मला हुरूप आला होता. हुरूपाचीसुद्धा भीती वाटते मला, तेव्हा कशी नाही वाटली कोण जाणे.

वाटा भरला. फाल्गुनात जेसीबी आलं आणि आधी तलावाचाच खड्डा घेतला. आम्ही कामावरून येताना रोज वाट वाकडी करून बघायला जायचो. आत्याबाई काठीनं मोजून दाखवायच्या, "इथवर माझ्या कमरंला पाणी."

मग उन्हाळा लागला. नळाचं बारा दिवसांनी येणारं पाणी वीस दिवसांवर गेलं, पुढं बंदच झालं. टँकर सुरू झाले. चौकात टँकर आला की भांडी, ड्रम, कळशा, ओढाओढ. आणि त्या रांगेत मी उभी राहिले की पुरुष बोलायचे, एकमेकांशी बोलल्यासारखं, पण मला ऐकू जाईल असं. "अरे जरा ह्यांना पुढं जाऊ द्या, ह्यांला पवायचंय." मी दोन कळशांऐवजी एकच घेऊन घरी यायला लागले. तेवढंच कमी दिसावं म्हणून.

वैशाखात सभा बोलावली. नगरपंचायतीच्या हॉलात पुरुष खुर्च्यांवर, आम्ही मागं सतरंजीवर. इंजिनिअर साहेब नकाशा घेऊन उभे. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. म्हणाले, वरून विचारणा आली आहे, टंचाईच्या गावात पोहायचा तलाव कशासाठी? तेव्हा आराखडा बदलू, तलाव वगळू, त्या जागी लॉन आणि बाकडी करू. लोकवाटा परत देता येत नाही, तो त्यातच लागेल.

नगरसेविका बाई काहीतरी म्हणाल्या, पण पुढून गलका झाला. मग साहेबांची नजर मागं आली. कुणीतरी सांगितलं असणार, ही ती बाई. ते म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. तुम्ही बाया पाणी भरता, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पाणी आधी प्यायचं का पोहायचं?"

सगळा हॉल मागं वळला. मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माझ्या मागं चाळीस बाया होत्या आणि मला त्या दिसत नव्हत्या, फक्त खुर्च्यांवरची तोंडं दिसत होती.

मी म्हणाले, "प्यायचं."

"बघा," साहेब म्हणाले. "बराबर बोलल्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी ह्या गावात टाळ्या वाजल्या त्या तेवढ्याच. कारकुनानं लिहून घेतलं, महिलांचीही सहमती आहे. मी खाली बसले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो काढून घेतला असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी येताना आत्याबाई काठी टेकत शेजारी चालत होत्या. म्हणाल्या, "आगं, रोज प्लॉटावर जाऊन राह्यली तू. म्हनायचं व्हतं त्याला, तळी भरायला कुठून येतं रे बाबा पानी? आपला खड्डा तर त्या एका तळ्याच्या कोपऱ्यात बसंल."

मला हे सुचलंच नव्हतं. उन्हाळ्यातसुद्धा गावाभोवती शेततळी अर्धी भरलेली होती, आम्ही त्यांच्या काठानं चालत कामाला जात होतो, आणि मला सुचलं नाही. मग वाटलं, सुचलं असतं तरी बोलले असते का? तळीवाले सगळे पुढच्या खुर्च्यांवर होते. त्यांच्याच प्लॉटवर आमची रोजी आहे. कदाचित मला सुचलं होतं आणि मी सुचू दिलं नाही. ते आता माझं मलाच सांगता येत नाही.

"आत्या, तुमचे पैसे..." मी म्हणाले.

"पैशाचं काय घिऊन बसली. मला एकदा पान्यात बसून पाहायचं व्हतं," त्या म्हणाल्या आणि वळून आपल्या घराकडं गेल्या.

खड्डा बुजवला. बागेला कमान झाली, रंगीत बाकडी आली, एकावर महिला मंडळाचं नाव टाकलं आहे. पाऊस लांबला, लॉन लावलं ते पाण्यावाचून महिनाभरात वाळलं. बाया तिथं बसत नाहीत. मला कुणी काही बोलत नाही. मी कित्येकदा वाट बघते की कुणीतरी म्हणेल, तुझ्या नादानं पैसा गेला, तू बाहेरची, तुला काय पडलंय. कुणी म्हणत नाही. उलट आता मला पहिल्यापेक्षा जपतात, डाळ केली तर वाटी आधी माझ्याकडं येते.

ह्या भादव्यात पुन्हा क्रॉसिंग सुरू झालं. काकूंची मुलगी यंदा पहिल्यांदाच कामाला येते. दहावीला नापास झाली, आता प्लॉटवर. तिला निघताना काकू रोज बजावतात, "तळ्यावर जायचं न्हाई. गेली तर ती हाय का पाह्यचं आधी." ती म्हणजे मी. बायांनी आपसांत ठरवून टाकलं आहे, मी ज्या टोळीत त्याच टोळीत कामाला जायचं. मुकादम वैतागतो, म्हणतो एका प्लॉटवर एवढ्या बाया करू काय? पण त्या ऐकत नाहीत. ज्यांना माझ्या टोळीत जागा मिळत नाही त्या दुसऱ्या प्लॉटवर जातात, आणि जाताना माझ्याकडं बघून हसतात. ते हसणं मला दिवसभर पुरतं.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. कण्हत पडले होते, काकू दारात आल्या, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "राहू दे आज, नको येऊ." पण त्या दारातून हलल्या नाहीत. मागं त्यांची मुलगी डबा घेऊन उभी होती, तिच्या मागं आणखी चौघी. मी उठले, तोंड धुतलं आणि निघाले. गावाभोवती पंचवीस-तीस तळी आहेत. मी एकटी आहे, आणि निसरड्या कागदावरून मला स्वतःलाही वर येता येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. तरी.

दुपारी जेवणाआधी सगळ्या हात धुवायला काठावर वाकल्या. मी मागं उभी राहून मोजल्या. अकरा. मग पुन्हा मोजल्या.