उद्याची माणसं

"आज पाहाले लावा, बाबू." आजाऱ्याला पुढे करून, खिडकीच्या फळीवर तळहात टेकवून ती एवढंच म्हणायची, आणि केसपेपर मिळेपर्यंत हात उचलायची नाही.

नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी केसपेपर काढणारा कारकून होतो. चपराशापासून नर्सपर्यंत सगळ्यांना ती जयभीम करायची. मला कधी केला नाही. तुम्ही रांगेत असता तर तुम्हाला वाटलं असतं, बाई याला ओळखत नसेल. ती मला चांगली ओळखत होती.

त्याच्या काही वर्षं आधी ती गरोदर बहिणीला रिक्षातून घेऊन आली होती. बहिणीचे पाय सुजलेले, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. खिडकी बाराला बंद व्हायची. बाराला पाच कमी होते आणि मी डबा उघडला होता. मान वर न करता 'उद्या या' म्हणालो. दिवस उजाडायच्या आत बहीण झटके येऊन गेली, पोटातल्या बाळासकट.

पुढे हिंगण्याच्या रस्त्याला त्यांच्या वस्तीत काही डॉक्टरांनी आरोग्याचं काम सुरू केलं. वस्तीतलीच एक बाई शिकवून तयार करायची होती. ही स्वतःहून पुढे झाली. घरोघर जाऊन गरोदर बायांचे पाय दाबून बघायची, खोकला किती दिवसांचा ते विचारायची. आधी त्या वस्तीतली माणसं शेवटच्या घटकेला खाटेवर घालून आणत, नाहीतर येतच नसत. आता तीच माणसं आपल्या पायांनी येऊ लागली आणि बहुतेक बरी होऊन जाऊ लागली.

ती त्यांना आणायची मात्र बरोबर बाराला पाच कमी असताना. शेजारची खिडकी मोकळी असली तरी माझ्याच खिडकीशी.

माझं जेवण रोज निवायचं. साहेबांकडे तक्रार केली, तर तिनं वस्तीतल्या डॉक्टरांच्या 'आजच तपासा' अशा चिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि साहेबांनी मलाच झापलं. एकदा मी चिडून तिला विचारलं, किती दिवस सूड उगवणार?

"माह्या बहिणीले तुम्ही उद्या या म्हणलं," ती शांतपणे म्हणाली. "हे सारे उद्याचे लोक आहेत. लिहा."

मी निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिलो. मग एक दिवस वस्तीत विचारत विचारत तिच्या दारी गेलो आणि हात जोडून बहिणीसाठी माफी मागितली. तिनं बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"तिचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना. तिचा केसपेपर मी काढलाच नव्हता.

"मंग कोणासाठी माफी मांगून राहिले?" म्हणाली आणि आत गेली.

पुढे तीही वारल्याचं कानावर आलं. तिच्या बहिणीचं नाव मला अजून माहीत नाही.